मदत हवी आहे: वर्गात पोरं आहेत, पोर्टलवर नाहीत. पद जातंय!

सातपुडा_गुरुजी: ३० सप्टेंबर तोंडावर आली, त्या दिवशीच्या पटावर पदं ठरतात. पट ६३, पोर्टलवर मात्र ५९. आरटीईप्रमाणे (शिक्षण हक्क कायदा) साठ मुलांपर्यंत दोनच शिक्षक, म्हणजे आमचं तिसरं पद अतिरिक्त. चौघांचं काय करावं? लवकर सांगा, रेंज टेकडीवर आल्यावरच मिळते.

तापीकाठ: सर, पोर्टल कोणतं? राज्याचं सरल की केंद्राचं यू-डायस प्लस? नाव चढलंच नाही की आधार अवैध दाखवतंय?

धुळेकर_७७: आधी ब्राउझरची कॅशे साफ करा. आणि रात्री बारानंतर बसा, सर्व्हर मोकळा असतो.

सातपुडा_गुरुजी: कॅशेचा काय संबंध दादा? यू-डायस प्लस. दोघांचं आधार इनव्हॅलिड, दोघं 'दुसऱ्या शाळेत ॲक्टिव्ह'.

केंद्रशाळेच्या_बाई: कुठल्या शाळेत? तिचा यू-डायस क्रमांक बघा. २७०१ ने सुरू होत असेल तर आपलाच नंदुरबार, केंद्रप्रमुखांच्या एका फोनवर काम होईल. २४ असेल तर गुजरात.

सातपुडा_गुरुजी: २४ च आहे. आईबाप ऊसतोडीला बारडोलीकडे गेलेले, तिथल्या शाळेत नाव घातलं. येताना शाळा सोडल्याचा दाखला आणला नाही.

केंद्रशाळेच्या_बाई: हे आधी सांगायचं ना सर! त्या शाळेने 'शाळा सोडली' नोंदवलं की मूल पोर्टलच्या ड्रॉपबॉक्समध्ये (शाळा सोडलेल्यांची यादी) येतं, मग पेन नंबर (मुलाचा कायमचा शैक्षणिक क्रमांक) आणि जन्मतारीख टाकून तुम्ही इम्पोर्ट करायचं. रिलीज रिक्वेस्ट पाठवा, पण फोनही करा. नुसत्या रिक्वेस्टवर कोणी हलत नाही. इनव्हॅलिडवाल्यांची आधारवर जन्मतारीख ०१/०१ आहे का?

सातपुडा_गुरुजी: एकाची तीच. रजिस्टरला जून आहे. दुसऱ्याचं नाव आधारवर बापाच्या नावाला चिकटलंय, मध्ये जागाच नाही.

धुळेकर_७७: मग रजिस्टरलाच ०१/०१ करून टाका, मिटलं.

केंद्रशाळेच्या_बाई: अजिबात नको! जनरल रजिस्टरला परस्पर खाडाखोड केली तर उद्या दाखल्यावर तुमची सही आहे. जन्मदाखला काढा आणि आधार दुरुस्त करा.

अहिराणी_भो: ह्या पोर्टलनी मास्तरले कारकून करी टाकं. पोरेसले शिकाडाले टाईम कोठे शे?

तापीकाठ: भाऊ, ऑक्टोबर २०११ ची पटपडताळणी विसरलात? कागदावर पट फुगवून पदं आणि अनुदान लाटलं, म्हणून तर हे आधार मागे लागलं. पदं पटावर, समग्र शिक्षा योजनेचं शाळा अनुदानही पटावर. ३० मुलांपर्यंत १० हजार, त्यापुढे शंभरपर्यंत २५ हजार. मग पट तपासायला नको?

अहिराणी_भो: तपासा ना! वर्गात येऊन डोकी मोजा. पट फुगवला कोणी आणि भोगतंय कोण? आधार जुळत नाही म्हणून पोरगं खिचडीला बसत नाही का?

तापीकाठ: डोकी मोजायला रोज कोण येणार धडगावच्या डोंगरात?

धुळेकर_७७: विषय निघालाच आहे तर, आरटीईच्या खाजगी शाळेतल्या २५ टक्के राखीव जागांत पुतणीचा नंबर लागला नाही. एक किलोमीटरच्या आत राहतो आम्ही. कोणाकडे दाद मागावी?

केंद्रशाळेच्या_बाई: वेगळा धागा काढा हो.

सातपुडा_गुरुजी: जन्मदाखल्याचं उद्या ग्रामपंचायतीत बघतो. बारडोलीच्या शाळेत फोन केला तर समोरचे गुजरातीतच बोलतात, माझं हिंदीही अर्धंच. कोणी आहे का?

तापीकाठ: मी नवापूरचा, गुजराती येते. शाळेचा क्रमांक आणि मुलांचे पेन नंबर व्यनि (खाजगी निरोप) करा, इथे टाकू नका.