वखार उठली तरी गाव टिकलं, ते कसं?

हळद_दिवाणजी (हरिपूर, सांगली)
नमस्कार मंडळी. मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात चौतीस वर्षं दिवाणजी होतो. यंदा उन्हाळ्यात दोन महिने लेकीकडं कॅनडात, सरेला. एका रविवारी जावयानं फोर्ट लँगली दाखवायला नेलं. फोर्ट म्हटल्यावर मी अजिंक्यताऱ्याच्या हिशेबानं बूट घालून तयार! तर फ्रेझर नदीकाठी सपाटीवर ओंडक्यांचं कुंपण आणि आत वखार. हडसन्स बे कंपनीनं 1827 ला कातड्यांच्या व्यापारासाठी घातलेली. बीव्हर, ऑटर असल्या केसाळ जनावरांची कातडी. मूळची म्हणून एक कोठी उरलीय, बाकी पुन्हा उभारलेलं.

माझी नजर आधी तराजू शोधत होती. कातडी वजनावर घ्यायचे की नगावर? लेक म्हणाली, "पप्पा, सुट्टीला आलाय ना!"

पण डोक्यात राहिलेला प्रश्न वेगळाच. आमच्या हरिपुरात हळदीची पेवं, म्हणजे हळद साठवायची जमिनीखालची कोठारं. 2005 च्या पुरात पाणी शिरलं, कितीतरी पेवं कामातून गेली आणि त्यावर पोट असलेली माणसं दुसरीकडं कामाला लागली. तिथं तर वखारच उठली. मग गाव कसं राहिलं? चांगली दुकानं, चहाची हॉटेलं, सगळं आहे.

वारणाकाठ
काका, ती वखार नुसत्या कातड्यावर कधी जगलीच नाही. किनाऱ्यावर अमेरिकन जहाजं येऊन जास्त दर देत, त्यामुळं माल फुटून तिकडं जायचा. मग कंपनीनं नदीतला सामन मासा धरला. स्थानिक लोकांकडून मासा घ्यायचा, खारवायचा, पिंपात भरायचा आणि हवाई बेटांवर पाठवायचा. पिंपं करणारे कारागीरही वखारीतच. तुम्ही पिंपं बघितली असणार. शिवाय शेती. 1839 ला अलास्कातल्या रशियन कंपनीला धान्य-लोणी पुरवायचा करार झाला, त्यातला माल इथूनही जाई.

1858 ला फ्रेझरवर सोनं निघालं आणि हजारोंनी माणसं आली. त्याच वर्षी 19 नोव्हेंबरला याच वखारीत ब्रिटिश कोलंबिया वसाहतीची घोषणा झाली, जेम्स डग्लस गव्हर्नर. पुढं आगबोटी थेट वरच्या अंगाला जायला लागल्या, वखारीचं महत्त्व उतरलं आणि 1886 ला ती बंद. पण कंपनीच्या शेताचे तुकडे पाडून विकले होते. घेणारे तिथंच राहिले. जमीन राहिली म्हणून गाव राहिलं, असं माझं मत.

औंधकर
एक राहिलं. वखारीआधी तिथं रान नव्हतं. क्वांटलेन लोकांची वस्ती त्या नदीवर आधीपासून होती, त्यातले बरेच नंतर वखारीजवळ येऊन राहिले. कंपनीचे नोकरही सगळे गोरे नव्हते, हवाईहून आणलेले बरेच होते. त्यांची लग्नं स्थानिक बायकांशी झाली. म्हणजे सासुरवाड्या शेजारच्याच! गाव टिकायला तेवढं पुरतं.

आपल्याकडं कंपनीमुळं वसलेलं म्हणाल तर किर्लोस्करवाडी. 1910, औंध संस्थानातला माळ, पंतप्रतिनिधींनी दिलेला. पण तिथं कारखाना आजही चालू आहे, तेव्हा तुलना अर्धीच.

कॅल्गरीचा_कऱ्हाडकर
काका, तराजूचं उत्तर: नगावर! कंपनीच्या ठाण्यांवर हिशेब 'मेड बीव्हर'मध्ये चाले. थंडीत पकडलेल्या पूर्ण वाढीच्या बीव्हरचं एक चांगलं कातडं म्हणजे एक एकक. चाकू, किटली, ब्लँकेट, सगळ्याचा भाव त्यात, आणि बाकीच्या जनावरांची कातडीही त्याच मापानं मोजायची.

आणि हे अंगात घालायला कमी, टोप्यांना जास्त जायचं. बीव्हरच्या आतल्या बारीक केसांचा नमदा, म्हणजे केस दाबून केलेलं जाड कापड, घट्ट होतो, त्याच्या युरोपात टोप्या. गंमत म्हणजे एके काळी, माणसानं दोन-तीन हिवाळे अंगावर वापरलेल्या कातड्याला कोऱ्यापेक्षा जास्त भाव होता, कारण वरचे राठ केस घासून गळून गेलेले असत. पुढं रेशमी टोपीची फॅशन आली आणि बीव्हरचा भाव पडला.

हळद_दिवाणजी
वापरलेल्याला जास्त भाव! जुन्या तांदळासारखंच की.

वारणाकाठ, जमिनीचं पटलं. सासुरवाडीचं त्याहून जास्त पटलं. आता कऱ्हाडकरांना शेवटचं विचारतो. नगावर घेतलं, ठीक. पण सगळी कातडी सारखी कशी असतील? आमच्याकडं गड्ड्यात माती निघाली की कडता, म्हणजे वजनात कपात, लागायचा, त्यावरून शेतकऱ्याची आणि आमची रोज वादावादी. तिथं पिल्लाचं बारकं कातडं आणलं तर?

कॅल्गरीचा_कऱ्हाडकर
पिल्लाचं अर्ध्यात धरायचे, काका.

हळद_दिवाणजी
म्हणजे कडता होताच. लेकीला फोन लावतो.