घरातल्या प्रार्थनेच्या जागेला मराठीत काय म्हणावं?

वास्कोहून प्रश्न

नमस्कार. आमचं घराणं मूळचं नगरकडचं, प्रोटेस्टंट. वास्कोत ही दुसरी पिढी. स्वयंपाकघरात फ्रीज आणि खिडकी यांच्या मधल्या जागेत एक स्टूल आहे, त्यावर पवित्र शास्त्र (बायबल), गीतांचं पुस्तक आणि आईचा चष्मा. आई पहाटे तिथे प्रार्थनेला बसायची, आता मी बसते. शेजारची मैत्रीण त्याला 'तुमचा देव्हारा' म्हणते, समोरच्या कॅथलिक काकी 'तुजें आल्तार' म्हणतात, म्हणजे तुझी वेदी. दोघीही मायेनं म्हणतात, पण मला दोन्ही शब्द पटत नाहीत. 'प्रार्थनास्थळ' हा कागदोपत्रीचा शब्द, घरात तो कुणी उच्चारत नाही. अशा जागेसाठी मराठी ख्रिस्ती माणसाचा स्वतःचा शब्द आहे का?

मडगावहून

ताई, देव्हारा काय किंवा आल्तार काय, दोन्ही शब्द तिथे काय मांडलं आहे ते सांगतात. इथल्या जुन्या कॅथलिक घरांतलं 'ओरातोर' पाहा. सालात, म्हणजे दिवाणखान्यात, भिंतीला लागून कोरीव लाकडी कपाट, त्याला दारं, आत खुरीस (क्रूस) आणि संतांच्या मूर्ती. शब्द पोर्तुगीजांकडून आला, त्याच्या मुळाशी लॅटिनमधलं 'प्रार्थना करणं' आहे. रूढ अर्थ मात्र मूर्तींचं कपाट असाच झाला. तुमच्या स्टुलावर मूर्ती नाही. तिथे माणूस बसतं, हे सांगणारा शब्द तुम्हाला हवा आहे.

आता मत्तय ६:६ काढा. प्रार्थना करायची तर आपल्या खोलीत जा, दार लावून घे, असं येशू सांगतो. मराठी शास्त्रात 'खोली' आहे. मूळ ग्रीक शब्द 'तामेइऑन', म्हणजे जिन्नस साठवायची आतली खोली. लूक १२:२४ मध्ये कावळ्यांपाशी जे नसतं असं म्हटलं आहे, ते हेच तामेइऑन. आपल्याकडे त्याला नेमका शब्द आहे: कोठीची खोली. धान्याची पोती, तेलाचे बुधले, उजेड जेमतेम. त्या काळी यरुशलेमात मंदिर उभं होतं, गावोगावी सभास्थानं होती, आणि येशूनं एकट्या माणसाला पाठवलं ते कोठीत. घरात सामान ठेवायची जी जागा, तीच देवाशी बोलायची. तुमचं फ्रीजशेजारचं स्टूल मला त्या मूळ शब्दाच्या फार जवळचं वाटतं, 'खोली'पेक्षाही.

'पवित्र' या शब्दाबद्दलही सांगायला हवं. तो 'पू' धातूवरून आला, पू म्हणजे शुद्ध करणं. त्यामुळे मराठी कानाला पवित्र म्हटलं की सोवळं ऐकू येतं, आणि कांदा चिरायच्या ओट्याजवळची जागा पवित्र कशी, असा प्रश्न पडतो. हिब्रू 'कादोश'मध्ये भर वेगळं काढण्यावर आहे, देवासाठी राखण्यावर. याकोबानं उत्पत्तीच्या २८व्या अध्यायात उघड्यावर, उशाला दगड घेऊन रात्र काढली आणि सकाळी त्या जागेला 'बेथेल' म्हटलं, देवाचं घर. जागा तीच होती, कुणी सारवली-शिंपडली नव्हती. आपल्याकडे 'वाहिलेलं' हा चांगला शब्द आहे. फूल वाहतात, आयुष्यही वाहतात. 'वाहिलेली जागा' मला अधिक खरं वाटतं.

फोंड्याहून

'ओवरी' सुचवतो. संस्कृत 'अपवरक' म्हणजे आतली खोली, त्यावरून आला. आळंदी-पंढरपूरला देवळाभोवतीच्या ओवऱ्यांत माणसं जप करत बसतात. अर्थ दोन्ही बाजूंनी जुळतो.

मडगावहून

शब्द देखणा आहे, पण आपल्याकडे देवळाच्या आवारातल्या खोल्यांना अग्रशाळा म्हणतात. इथे ओवरी म्हटली तर प्रत्येकाला समजावून सांगावं लागेल.

त्यापेक्षा कोंकणीतली 'कूड' पाहा. कूड म्हणजे खोली. मुंबईत धोबी तलावाकडे गोंयकारांच्या 'कुडी' आहेत, गावागावाच्या नावानं. बोटीची वाट बघणारे खलाशी तिथे उतरायचे, कडेनं त्यांच्या ट्रंका, समोर आल्तार आणि रोज संध्याकाळी तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना. आणि कूड म्हणजे देहही. मिसेला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, क्रिस्तप्रसाद देताना पाद्री 'क्रिस्ताची कूड' म्हणतो तो हाच शब्द. मराठीतही देहाला 'कुडी' म्हणतातच, आणि 'कुटी' म्हणजे झोपडी, तिच्याशी त्याचं नातं आहे. पौलानं करिंथकरांना लिहिलं की तुमचं शरीर हे पवित्र आत्म्याचं मंदिर आहे. कोंकणी माणसाला हे वाक्य वेगळं समजवावं लागू नये, त्याच्या भाषेत राहायची खोली आणि राहणारा देह एकाच शब्दात आहेत. मी हे वाचतो तेव्हा मला खरोखर भरून येतं.

म्हापशाहून

मी कॅथलिक, शिक्षण मराठीतून. 'देव्हारा'ला इतकं परकं मानू नका. फादर स्टीफन्स या इंग्रज धर्मगुरूंनी १६१६ साली गोव्यात रायतूरला छापलेल्या ख्रिस्तपुराण या मराठी काव्यात स्वर्गाला 'वैकुंठ' म्हटलं आहे. शब्द वापरून आपले होतात.

दुसरं म्हणजे सायबीण. वाड्यावर मारियेची मूर्ती घरोघर फिरते. आमच्याकडे येते त्या दिवशी जेवणाचं टेबल पुसून भिंतीला लावतो, त्यावर आजीची क्रोशाची चादर, फुलं, दोन मेणबत्त्या. शेजारी येतात, तेर्स होतो, पोरं थोरांकडे बेसांव (आशीर्वाद) मागतात. दुसऱ्या दिवशी सायबीण पुढच्या घरी जाते आणि त्याच टेबलावर शीत-कडी वाढली जाते. त्या टेबलाला आम्ही वेगळं नाव कधी दिलं नाही. म्हणतो एवढंच, 'तेर्साक बसूंया'.

वास्कोहून

हे वाचून आठवलं, आमच्याकडेही नाम नव्हतं, क्रियापद होतं. कुणी दारात आलं की बाबा सांगायचे, 'ती बसलीय, थांबा.' तेच चालू ठेवते. कोठीबद्दल मात्र येत्या रविवारी मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, बोलणार आहे.

जाता जाता एक विचारते. भाऊ पुढच्या महिन्यात नव्या घरात राहायला जातोय. पत्रिकेवर 'वास्तुशांती' नको आहे, 'गृहप्रवेश' चालेल का?

मडगावहून

चालेल ताई. शब्दाचा अर्थ नुसता घरात प्रवेश असा आहे. खाली 'उपकारस्तुतीची प्रार्थना' आणि वेळ घाला. पाद्रीसाहेब नव्या घराला आशीर्वाद देणार असतील तर तेही लिहा.