निनू कॉलेजात नाही, वणव्यावर आहे

(ग्रुप: माहेरची मंडळी)

मुग्धा: शुभाआत्या हा निनूदादाच आहे ना?? त्याच्या स्टोरीवर होता. पिवळा शर्ट हिरवी पँट, तोंड कोळशासारखं आणि हातात कसलीतरी कुऱ्हाड 😳

संजूदादा: कॉलेजात फायर ड्रिल असेल

वहिनी: फायर ड्रिलला एवढं काळं कोण होतं. तोंड काळं करून कुठून आलाय ते विचारा त्याला 😂

शुभा: (हा मेसेज हटवला गेला)

बापूकाका: काय हटवलंस गं शुभे

शुभा: बरं सांगतेच आता, लांब आहे, चहा घेऊन बसा. निनू कॉलेजात नाहीये. दीड वर्ष झालं. ह्यांचं दुकान बंद पडलं तेव्हा फी भरणं जमेना, आणि खरं सांगायचं तर त्याचंही लक्ष नव्हतंच, दोन विषय गेले होते. तेव्हा कुणीतरी जॉब कोअरचं सांगितलं. इथलं, अमेरिकेचं सरकारी आहे, १९६४ पासूनचं, १६ ते २४ वयाच्या मुलांना राहणं खाणं शिकणं सगळं फुकट, आपलं आयटीआय आणि वर वसतिगृह समजा. फक्त कमी उत्पन्नाच्या घरातल्या मुलांसाठी असतं. हे शेवटचं वाक्य टाइप करायला मला दीड वर्ष लागलं.

संजूदादा: अगं वेडी का तू, मला सांगायचंस, पाठवले असते पैसे

शुभा: म्हणूनच नाही सांगितलं दादा

शरदमामा: 🌹 सुप्रभात 🌹 आजचा दिवस आनंदात जावो

वहिनी: मामा वर वाचा जरा

मुग्धा: मग आगीत कसा गेला तो??

शुभा: गेला होता वेल्डिंग शिकायला. सेंटर मोंटानात, जंगलातच. तिथल्या वनखात्याकडे, म्हणजे फॉरेस्ट सर्व्हिसकडे, अशी बरीच सेंटर आहेत, त्यामुळे उन्हाळ्यात वणवे सुरू झाले की ही पोरंही मदतीला जातात. स्वयंपाक शिकणारी कॅम्पवर जेवण करायला आणि ज्यांना हवं ते ट्रेनिंग घेऊन प्रत्यक्ष आगीवर. हा म्हणे पहिल्यांदा निव्वळ वेल्डिंगच्या शेडमधून बाहेर पडायला मिळेल म्हणून नाव देऊन आला.

वहिनी: असंच घेतात कुणालाही?

शुभा: नाही गं, परीक्षा असते. पाठीवर ४५ पौंड, म्हणजे २० किलोच्या वर, आणि ३ मैल ४५ मिनिटांत. पळायचं नाही, चालतच जायचं. पहिल्यांदा ४७ मिनिटं लागली त्याला, फोनवर रडवेला झाला होता, बारावीच्या रिझल्टला सुद्धा असा नव्हता. मग रोज संध्याकाळी पाठीवर ओझं घेऊन चालायचा, दुसऱ्यांदा ४३. शिवाय वर्ग असतात, आग कशी वागते ते शिकवतात, चढावर ती जास्त जोरात पळते, दुपारी हवा कोरडी झाली की भडकते वगैरे. ते सगळं झालं की रेड कार्ड, म्हणजे आगीवर जायचा परवाना. ते नसेल तर जवळ फिरकू देत नाहीत.

बापूकाका: पण डोंगरात एवढं पाणी आणतात कुठून? आमच्याकडे डोंगर पेटला की ओल्या फांद्या तोडायच्या आणि झोडपत सुटायचं

शुभा: काका पाणी असतं कधीकधी, पंप, हेलिकॉप्टर, पण याचं काम खणायचं. २० जणांची टोळी ओळीने जाते, पुढचे करवतवाले झुडपं कापतात, मागचे जमीन खरवडत जातात अगदी नुसती माती दिसेपर्यंत. जळायलाच काही उरलं नाही की आग थांबते.

बापूकाका: अगं मग ही जाळरेषा की!! आमचं वनखातं तेच करतं, १५ फेब्रुवारी ते १५ जून आगीचा सीझन, त्याच्या आधी रेषा काढून ठेवायच्या. तरी कुणीतरी येतो, म्हणे जाळलं की गवत चांगलं येतं, आणि काडी लावून मोकळा. मी दोनदा गेलोय विझवायला, भुवया जळून आलोय, तुझ्या काकूला विचार. आणि आपल्या पोराला त्याचा पगार मिळतो??

संजूदादा: हो, पगाराचं सांग. पर्मनंट आहे का

शुभा: या वर्षी फॉरेस्ट सर्व्हिसच्या क्रूवर लागलाय, सध्या सीझनपुरता. ही नोकरी इथल्या नागरिकांनाच, तो इथे जन्मला म्हणून चाललं. पगार आधी अगदीच कमी असायचा म्हणे, २०२१ मध्ये तासाला किमान १५ डॉलर केले आणि २०२५ मध्ये वाढ कायमची केली कायद्याने. आगीवर असताना २५ टक्के धोक्याचा भत्ता, वर ओव्हरटाइम, आणि तो भरपूर होतो कारण कधीकधी १६ तासांचा दिवस असतो. दुकानाचं एक कर्ज त्यानेच फेडलं.

वहिनी: धोक्याचा भत्ता म्हणजे धोका आहेच की 😟

शुभा: आहेच. कमरेला एक घडी घातलेला तंबू असतो चांदीच्या कागदासारखा, आग अंगावर आली आणि पळायला वाट नसेल तर त्यात पालथं झोपायचं. तो व्हिडिओ कॉलवर उलगडून दाखवत होता आणि मी फोन बंद केला. नंतर नेटवर्क गेलं म्हणून सांगितलं.

मुग्धा: आत्या ती कुऱ्हाड कसली पण

शुभा: पुलास्की म्हणतात. एका बाजूला कुऱ्हाड, दुसऱ्या बाजूला कुदळीसारखं आडवं पातं, तोडायचं आणि खणायचं एकातच. नाव एका माणसाचं, पुलास्की वनखात्यात होता. १९१० च्या ऑगस्टमध्ये आयडाहो मोंटानात दोन दिवसांत ३० लाख एकर जळलं, तेव्हा त्याने चाळीसेक माणसं खाणीच्या बोगद्यात घातली, घाबरून बाहेर पळायला लागले तर पिस्तूल रोखलं, आणि बहुतेक सगळे वाचले. निनू हे इतकं रंगवून सांगतो, शाळेत इतिहासात काठावर पास व्हायचा.

मुग्धा: आजी विचारतेय आग विझल्यावर सुट्टी असते ना

शुभा: आईला सांग तेव्हाच जास्त काम. राखेखाली मुळं धुमसत असतात. हातमोजा काढून हाताची मागची बाजू राखेजवळ नेत नेत बघायचं कुठे गरम लागतंय, तिथे परत खणायचं. असं तासन्‌तास. मला म्हणाला, आज्जी तवा तापला का बघते ना, सेम तसं

मुग्धा: आजी म्हणतेय तव्याला हात लावायचा नसतो, वर धरायचा. त्याला नीट सांग म्हणून. आणि कॉलेजचं खोटं सांगितलंस त्याबद्दल ती तुझ्याशी वेगळं बोलणारे 🤐

शुभा: हो 🙈 त्याला सांगते. १४ दिवसांची ड्यूटी असते, अजून ५ आहेत, तोवर फोन लागत नाही धड

संजूदादा: तुला रात्री करतो फोन. पैशाचं नाही बोलणार

शरदमामा: वाचलं सगळं. पोरगं शहाणं आहे. फोटो मोठा करून पाठवा, चष्म्याने दिसत नाही

बापूकाका: शुभे त्या पुलास्कीचा पण बाजूने एक फोटो आणि मापं पाठव. दांडा किती लांब तेही. आमच्या लोहाराला दाखवतो, फेब्रुवारीच्या आत चारपाच करून घेऊ