'आयाम' वाढला की आवाज चढतो का मोठा होतो?

मुलाच्या विज्ञानाच्या पुस्तकात तरंगाचा आयाम आलाय. पेपरात 'चर्चेला नवा आयाम मिळाला' असं छापतात आणि योगाच्या क्लासला प्राणायाम आहेच, तर हे तिन्ही आयाम एकच का? आणि आयाम वाढला की आवाज चढतो म्हणायचं का मोठा होतो? आमच्या धुळ्याकडे दोन्ही एकाच अर्थाने बोलतात.

—

ताई, मूळ शब्द एकच, संस्कृतात आयाम म्हणजे ताणणं, विस्तार. पेपरवाल्यांनी तिथे पैलू लिहिलं तरी चाललं असतं. तरंगातला आयाम म्हणजे मधल्या जागेपासून एका बाजूला जास्तीत जास्त किती गेला तेवढाच, या टोकापासून त्या टोकापर्यंत मोजलं की दुप्पट येतं, पोरं तिथेच चुकतात.

आता चढा का मोठा. होळीला डफ शेकतात ते आठवा. आधी भद्द वाजतो, विस्तवावर धरला की कातडं ताणतं आणि आवाज चढतो, ही वारंवारता, म्हणजे सेकंदाला होणारी कंपनं, वाढली. मग त्याच डफावर हळू थाप मारा नाहीतर जोरात, सूर जवळपास तोच राहतो, आवाज मोठा होतो, हा आयाम. म्हणून हे दोन शब्द वेगळेच ठेवावेत असं माझं ठाम मत आहे. 'तीव्र'चा घोळ तर अजून मोठा, गाण्यात तीव्र मध्यम म्हणजे सूर वरचा, आणि फिजिक्समध्ये आवाजाची तीव्रता आयामाच्या वर्गाप्रमाणे वाढते, आयाम दुप्पट तर तीव्रता चौपट, म्हणजे साधारण ६ डेसिबल.

—

डफाचं बठ्ठं समजनं भाऊ, पण उजेडाचं काय? मळ्यात व्होल्टेज पडलं की पिवळा बल्ब मंद होतो आणि लालसर पण दिसतो. म्हणजे आयामाने रंग बदलतो ना?

—

नाही ताई, रंग तरंगलांबीचा, म्हणजे तरंगाच्या एका शिखरापासून पुढच्या शिखरापर्यंतच्या अंतराचा. तिथे कमी झाला तो विजेचा आयाम (२३० व्होल्टच्या लाईनीत टोक ३२५ च्या आसपास जातं), वारंवारतेचे ५० हर्ट्झ तसेच राहिले, पण त्यामुळे बल्बची तार कमी तापली आणि कमी तापलेली तार लालसर उजेड देते, म्हणजे निघणारा उजेडच वेगळा झाला. व्होल्टेज नीट असताना त्याच बल्बपासून बांधाबांधाने लांब चालत जा, अंतर दुप्पट झालं की उजेडाचा आयाम निम्मा, बल्ब मिणमिणता दिसतो पण रंग तोच. म्हणून आयामासाठी मिणमिणता आणि लख्ख हीच जोडी बरी, 'भडक' आपण रंगालाही म्हणतो आणि दिव्यालाही.