रोध, रोधक की रेझिस्टन्स?

भाची नववीत आहे. विज्ञान प्रदर्शनासाठी तिला १२ व्होल्टच्या अडॅप्टरवर एक लाल एलईडी लावायचा होता. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात गेलो. काउंटरवर ती पुस्तकातल्या भाषेत म्हणाली, "काका, ५०० ओहमचा एक रोध द्या." दुकानदार माझ्याकडे बघायला लागला. मी घाईघाईने म्हणालो, "रेझिस्टन्स, रेझिस्टन्स." "पाचशे येत नाही. चारशेसत्तर घ्या नाहीतर पाचशेसाठ. पाव वॅट देऊ की अर्धा?" भाचीने हळूच विचारलं, "मामा, पाव कशाचा?"

परतताना लोकलमध्ये आमचा वाद झाला. विजेची धारा आवरणाऱ्या त्या दोन तारांच्या, रंगीत पट्ट्यांच्या चिमुकल्या वस्तूला मराठीत काय म्हणायचं? रोध? रोधक? हिंदीतला प्रतिरोधक चालेल? आणि पाचशे का येत नाही, हेही कुणी सांगितलं तर बरं होईल.

प्रतिसाद १

रोध हा गुण, रोधक ही वस्तू. वहन करतो तो वाहक, तसा रोध करतो तो रोधक. रोध ओहममध्ये मोजतात, रोधक नगांवर. त्यामुळे "५०० ओहम रोधाचा एक रोधक" असं म्हणायला हवं, पण असं काउंटरवर कोण बोलणार?

भाचीची मात्र यात चूक नाही. पाठ्यपुस्तकातच "रोधांची एकसर जोडणी", "रोधांची समांतर जोडणी" असं लिहिलेलं असतं, म्हणजे तिथेही गुणाचंच नाव वस्तूला दिलंय. दुकानदाराचा "रेझिस्टन्स" त्याच वळणाचा; इंग्रजीतही वस्तूचं नाव वेगळं, रेझिस्टर, आहे. वीज गेली की "लाइट गेली" म्हणणाऱ्या आपल्याला हे खटकायचं कारण नाही.

प्रतिसाद २

मला रोधक पटत नाही. जलरोधक म्हणजे पाणी अजिबात आत न येऊ देणारा. उष्णतारोधक तसाच. विद्युतरोधक म्हटलं की वायरमनचे रबरी हातमोजे डोळ्यांपुढे येतात. आणि ही वस्तू तर वीज जाऊ देते! मुलांचा घोळ होणारच.

प्रतिसाद ३

मग गतिरोधकाचं काय? त्यावर गाडी थांबते का? हळू होते, आणि तेच तर हवं असतं. रस्त्यावरच्या पाटीवर हा शब्द रोज वाचतो, म्हणून तो कानाला अवघड वाटत नाही. रोधक या शब्दाला दोन्ही अर्थ पेलतात: पुरता अडवणारा आणि जरा आवरणारा. कुठला घ्यायचा ते मागचं पद ठरवतं. वीज अडवणाऱ्यासाठी विसंवाहक हा शब्द आहेच. तो तिकडे वापरावा आणि नुसता रोधक या वस्तूसाठी मोकळा ठेवावा.

उपसर्ग लावायचा तर जपून. विरोधक विधानसभेत बसतात. अवरोध म्हटलं की तुंबलेली मोरी आठवते. निरोधचं काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. प्रतिरोधक हिंदीत रुळलेला आहे, पण हिंदी जिथे "रोग प्रतिरोधक" म्हणते तिथे आपण रोगप्रतिकारक म्हणतो. शिवाय "प्रति"मध्ये उलटून टोला देण्याची छटा आहे. हा बिचारा टोला देत नाही, स्वतः तापतो.

प्रतिसाद ४

तुमचा गतिरोधक शब्दापुरता ठीक, पण मुलीला उदाहरण म्हणून देऊ नका. गतिरोधक ओलांडला की गाडी पुन्हा पळते. इथे तसं नाही. एकसर, म्हणजे एकामागे एक, जोडणीत धारा सगळीकडे सारखीच. म्हणून रोधक एलईडीच्या आधी लावा की नंतर, फरक शून्य. माझ्याकडे रेडिओ दुरुस्ती शिकायला येणारी पोरं हमखास इथेच अडायची.

आता पाव कशाचा ते सांगतो, कारण खरेदीत खरी फसगत तिथे होते. ओहम किती ते सगळे विचारतात, तो किती उष्णता पेलेल ते कुणी विचारत नाही. लाल एलईडी साधारण २ व्होल्ट घेतो. उरले १० व्होल्ट. २० मिलिअँपिअर धारा हवी तर १० भागिले ०.०२, म्हणजे ५००. इथपर्यंत भाचीचं गणित बरोबर. पण ते १० व्होल्ट रोधकाच्या अंगावर पडतात. ४७० घेतला तर धारा सुमारे २१ मिलिअँपिअर आणि उष्णता ०.२१ वॅट. पाव वॅट म्हणजे ०.२५. कागदावर बसतं, पण बोट लावून बघा! बंद डबीत लावला तर आणखी तापतो. ५६० घेतला तर १८ मिलिअँपिअर, ०.१८ वॅट, आणि उजेडात फरक डोळ्याला कळतही नाही. आमचा रिवाज असा की जेवढी उष्णता निघेल त्याच्या दुप्पट वॅटचा माल लावायचा. म्हणजे ५६० ओहम, अर्धा वॅट.

आणि हो, मी आयुष्यभर "रेझिस्टन्स उडाला" असंच म्हणत आलोय. "रोधक उडाला" माझ्या तोंडी आता बसायचं नाही.

प्रतिसाद ५

पाचशे का येत नाही: या वस्तू मापाला थोड्या पुढेमागे असतातच. शेवटची पट्टी चंदेरी असेल तर १० टक्के, सोनेरी असेल तर ५ टक्के. १० टक्क्यांच्या मालात ४७ चा नग ४२.३ पासून ५१.७ पर्यंत कुठेही असू शकतो. त्याच्या पुढचा ५६, तो खाली ५०.४ पर्यंत येतो. मधे ५० चा वेगळा नग काढून करायचं काय? म्हणून १० ते १०० या एका टप्प्यात बाराच आकडे ठेवलेत (पुढे शून्य लावलं की ४७ चा ४७० होतो): १०, १२, १५, १८, २२, २७, ३३, ३९, ४७, ५६, ६८, ८२. प्रत्येक आकडा मागच्याच्या साधारण १.२१ पट. ५ टक्क्यांच्या मालात चोवीस आकडे येतात, त्यात ५१ आहे. दुकानदाराकडे ५१० नसेल, एवढंच. "दीड के" (के म्हणजे हजार ओहम) मागितलंत तर मिळेल. "अडीच के" मात्र या दोन्ही यादींत नाही.

४.७ के ला "फोर के सेव्हन" का म्हणतात तेही सांगून टाकतो. छापताना दशांशचिन्हाचा ठिपका पुसला गेला तर ४.७ चे ४७ होतात, म्हणून ठिपक्याच्या जागी अक्षरच घालतात. चपट्या चिप रोधकावर आणखी गंमत: तिथे तिसरा अंक पुढे किती शून्यं ते सांगतो, म्हणजे ४७० छापलेला नग ४७ ओहमचा आणि ४७१ छापलेला ४७० चा.

प्रतिसाद ६ (मूळ प्रश्नकर्ता)

सगळ्यांचे आभार. ५६० चा अर्धा वॅट आणला, एलईडी लागला. तक्त्यावर तिने "रोधक" लिहिलंय, कंसात काही नाही.

एक शोध तिचाच, तो इथे नोंदवतो. पट्ट्यांचा कुठला रंग म्हणजे कुठला अंक हे लक्षात ठेवायला मी तिला कॉलेजातलं ते ग्रेट ब्रिटनच्या बी. बी. रॉयचं आणि त्याच्या बायकोचं इंग्रजी वाक्य शिकवत होतो. ती म्हणाली, "मामा, हे तर तानापिहिनिपाजा आहे." खरंच की! तांबडा २, नारिंगी ३, पिवळा ४, हिरवा ५, निळा ६, जांभळा ७. इंद्रधनुष्यातला फक्त पारवा गळला. आधी काळा ० आणि तपकिरी १, शेवटी राखाडी ८ आणि पांढरा ९. आमचा ५६० म्हणजे हिरवा, निळा आणि एक शून्य सांगणारा तपकिरी.

आता तिला "टॉलरन्स"ला, म्हणजे मापातल्या त्या ५-१० टक्के पुढेमागेला, मराठी शब्द हवाय. सहनशीलता लिहू का म्हणून विचारतेय. मी तूर्त थांबवून ठेवलंय.