कवितेतला सूर शिकवताना भावनांची यादी आधी द्यावी का?

धागाकर्ता: सूर आणि भाववृत्ती शिकवायला फळ्यावर नवरस लिहून सुरुवात करणं बंद व्हावं, असं माझं ठाम मत आहे. यादी समोर आली की मुलं कविता वाचायची सोडून पर्याय निवडतात. पाऊस दिसला की शृंगार, मरण दिसलं की करुण! आधी दोनदा मोठ्याने वाचन, मग जिथे काही खटकलं-जाणवलं त्या शब्दाखाली रेघ. भावनेचं नाव अगदी शेवटी. 'ये, बैस. उशीरच केलास.' यातला 'च' काढून पुन्हा वाचा, तक्रार लगेच सौम्य होते. हे कानाला कळतं.

प्रतिसाद १: कानाला कळेल हो, पण वहीत काय उतरेल? 'छान', 'दुःखी', 'आनंदी'. हुरहुर आणि विषाद यांतला फरक शब्दच माहीत नसेल तर कसा सांगणार? आठ-दहा शब्द आधीच द्यावेत, तेही जवळच्या अर्थांच्या जोड्या लावून: खंत-पश्चात्ताप, थट्टा-उपहास. जोडीतल्या प्रत्येक शब्दाला एक ओळ. नवरस नकोत, हे मात्र पटलं. रस हा आस्वाद घेणाऱ्याचा अनुभव, तोही नाट्याच्या संदर्भात मांडलेला. बोलणाऱ्याचा तिरकसपणा त्यात कुठे बसवणार?

प्रतिसाद २: तुम्ही दोघंही सूर आणि भाववृत्ती एकत्रच धरताय, आणि मुलांची खरी गल्लत तिथेच होते. सुरासाठी विचारावं: कोण कोणाशी बोलतंय, कशा रोखाने? भाववृत्तीसाठी: वाचताना वातावरण कसं वाटतं, कशामुळे? 'नीज बाळा, दार मी तीनदा तपासलंय.' सूर मायेचा आहे, पण 'तीनदा'मुळे सगळ्या ओळीवर भीती पसरते. एका शब्दात उत्तर मागितलं तर यातलं एक हमखास निसटतं. म्हणून उत्तराला दोन रकाने हवेत, आणि प्रत्येकात पुरावा म्हणून कवितेतलाच शब्द. 'पण', 'तरी', 'आता' आले की तिथे सूर पुन्हा तपासायचा. वळण बहुधा तिथेच असतं.

प्रतिसाद १: रकाने मान्य. मोठ्याने वाचनाबद्दल मात्र शंका आहे. शिक्षकाने गहिवरून वाचलं की वर्गाचं उत्तर तिथेच ठरतं.

धागाकर्ता: म्हणून पहिलं वाचन सपाट आवाजात करायचं. नंतर तीच ओळ दोन मुलांनी दोन सुरांत वाचायची आणि कुठल्या वाचनाला ओळीतले शब्द, विरामचिन्हं, लय साथ देतात यावर वर्गाने वाद घालायचा. तुमच्या जोड्या या वादात द्या, मुलं शब्दासाठी अडतील तेव्हा. त्याआधी नाही.

प्रतिसाद १: चाळीस जणांच्या वर्गात तेवढी वाट पाहिली तर बोलकी चार मुलंच बोलतील. जोड्या आधीच हव्यात, यावर मी ठाम आहे.