बॅकअप रोज ‘सक्सेसफुल’, पण रेप्लिकेट होणारी फोल्डरं त्यात नाहीतच. मदत हवी आहे (तातडीची)

नमस्कार मंडळी,

बडोद्यात एका छोट्या इंजिनिअरिंग कंपनीचं आयटी मी एकटा सांभाळतो. टोनर बदलण्यापासून सर्व्हरपर्यंत सगळं माझ्याच गळ्यात. फॅक्टरी मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत), डिझाइन ऑफिस अलकापुरीत. दोन्हीकडे विंडोज सर्व्हर २०१६.

२०२४ च्या ऑगस्टात विश्वामित्रीचं पाणी शहरात शिरलं, तेव्हा आम्हाला काही दिवस ऑफिस गाठता आलं नाही. अलकापुरीच्या गरनाळ्यात (रेल्वेखालच्या रस्त्यात) तर एरवीही दोन सरी आल्या की तळं होतं. त्यानंतर शेठनी फर्मान काढलं, ड्रॉइंगं दोन्ही जागी असलीच पाहिजेत. म्हणून डीएफएस रेप्लिकेशन बसवलं, म्हणजे एका सर्व्हरवरचा बदल दुसऱ्यावर आपोआप उतरवणारी विंडोजची सोय. ते आजवर एकदाही रुसलेलं नाही.

गेल्या मंगळवारी अलकापुरीत एकाच्या हातून जुन्या गिऱ्हाइकाचं अख्खं फोल्डर डिलीट झालं. दोन मिनिटांत मकरपुऱ्यातूनही गेलं. मी निवांत होतो, अलकापुरीच्या सर्व्हरचा बॅकअप रोज रात्री होतो ना! रिस्टोअर उघडलं तर डी ड्राइव्हवरचं बाकी सगळं आहे, पण ‘ड्रॉइंग’ आणि ‘प्रोजेक्ट’ ही दोन रेप्लिकेटेड फोल्डरं गायब. मागचे चार महिने उलटून पाहिले, एकाही सेटमध्ये नाहीत. ड्राइव्ह ५९० जीबी भरलाय आणि बॅकअप ७१ जीबीचा. आकडा डोळ्यांसमोर होता, पण मी सकाळी हिरवी खूण बघायचो आणि चहाला जायचो.

करून पाहिलेलं: परवानग्या तपासल्या, ठीक आहेत. पाथ फार लांब असेल म्हणून छोट्या नावाची फाइल ठेवून पाहिली, तीही आली नाही. तीच फाइल डी ड्राइव्हवर दुसऱ्या साध्या फोल्डरात ठेवली तर दुसऱ्या दिवशी बॅकअपमध्ये हजर. लॉगमध्ये ना एरर, ना ‘स्किप्ड’.

सॉफ्टवेअर विकतचं आहे. नाव देत नाही, कारण घोळ बहुधा माझाच असावा.

रात्रपाळी: अँटिव्हायरस बंद करून बघा. आमच्याकडे असंच झालं होतं.

धागाकर्ता: केला बंद. फरक नाही.

जुना खिळा: बॅकअपचं नंतर बोलू. आधी ते फोल्डर वाचवा. मकरपुऱ्याच्या सर्व्हरवर रेप्लिकेटेड फोल्डरच्या आत ‘डीएफएसआर प्रायव्हेट’ नावाचं लपवलेलं फोल्डर असतं, त्यात ‘कॉन्फ्लिक्ट अँड डिलीटेड’. अलकापुरीत डिलीट झालेलं दुसऱ्या टोकाला थेट मरत नाही, तिथे जाऊन पडतं. फाइलींच्या नावांना मागे लांबलचक आकडे-अक्षरं चिकटलेली दिसतील, घाबरू नका. खरी नावं आणि जागा शेजारच्या मॅनिफेस्ट (यादीच्या) फाइलीत असतात, आणि पॉवरशेलमध्ये (विंडोजच्या कमांड लिहायच्या खिडकीत) त्या फाइली परत जागेवर नेण्याची कमांड आहे. पण त्या जागेची मर्यादा मुळात ४ जीबी असते. ९० टक्के भरली की जुनं साफ होत होत ६० टक्क्यांवर येतं. तेव्हा आत्ता उठा. आणि परत आणताना मूळ जागी नको, दुसऱ्या डिस्कवर कॉपी काढा.

धागाकर्ता: निघालो. गाडीची किल्ली हातात आहे.

जुना खिळा: तोवर कारण सांगून ठेवतो. बॅकअप सुरू होताना सॉफ्टवेअर विंडोजच्या शॅडो कॉपी सेवेला (चालू फाइलींची त्या क्षणाची प्रत काढून देणारी) विचारतं, इथे कोण कोण ‘रायटर’ (आपापला डेटा बॅकअपला हवाली करणारे प्रोग्रॅम) आहेत आणि कुणाचा माल कुठे आहे? डीएफएस रेप्लिकेशनचा स्वतःचा रायटर आहे. तो सांगतो, ही दोन फोल्डरं माझी. लग्नघरात कुणी ‘दागिन्यांचा डबा मी बघतो’ म्हटलं की बाकीचे त्याला हात लावत नाहीत, तसंच. एकच माल दोनदा उचलला जाऊ नये म्हणून सॉफ्टवेअर डी ड्राइव्हमधून ती फोल्डरं वगळतं. ठरवूनच वगळलेली, म्हणून लॉगमध्ये तक्रार नाही. पण रायटरकडून तो माल घ्यायचा, हे तुम्ही बॅकअपच्या जॉबमध्ये सांगितलेलंच नाही. डबा मांडवातच राहिला.

सिलेक्शनच्या यादीत ड्राइव्हच्या खाली ‘शॅडो कॉपी कंपोनंट्स’ किंवा तशाच नावाचं काही आहे का बघा. त्यात ‘यूजर डेटा’, त्यात ‘डिस्ट्रिब्यूटेड फाइल सिस्टिम रेप्लिकेशन’. तिथे खूण करा. ते दिसतच नसेल तर कमांड प्रॉम्प्टवर व्हीएसएसअ‍ॅडमिनने (शॅडो कॉपी सेवेच्या कमांडने) रायटर्सची यादी काढा. डीएफएस रेप्लिकेशनचा रायटर ‘स्टेबल’ हवा.

रात्रपाळी: ही वगळावगळीच बंद करता येते की बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये. एक टिक काढली, काम झालं.

जुना खिळा: येते, पण मी करणार नाही. रायटरला आपला माल नीट हातात देता येतो, ती सोय का सोडायची? आणि रिस्टोअर जपून. रायटरमार्फत अख्खं फोल्डर साधेपणाने परत आणलं, तर समोरच्या सर्व्हरवरची नवी स्थितीच जिंकते, तुमचं परत आलेलं पुन्हा पुसलं जाऊ शकतं. एकदोन फाइली हव्या असतील तर दुसऱ्या जागी काढा आणि हाताने कॉपी करा, म्हणजे तो नवा बदल समजून दोन्हीकडे पोचतो.

शेवउसळ: एक वेगळी गोष्ट. ऑटोकॅड वापरत असाल तर त्याच्या ‘डॉट बॅक’ फाइली (ड्रॉइंगच्या आधीच्या प्रती) रेप्लिकेट होत नाहीत. रेप्लिकेशनच्या मुळातल्या फिल्टरमध्येच ‘डॉट बॅक’, ‘डॉट टेम्प’ आणि टिल्डने (~) सुरू होणाऱ्या फाइली वगळलेल्या असतात. तुम्ही अलकापुरीचाच बॅकअप घेताय, म्हणजे मकरपुऱ्यात तयार झालेल्या तसल्या फाइली तिथे पोचतच नसणार. आमच्या ड्राफ्ट्समनने एकदा डॉट बॅकवरच सगळी भिस्त ठेवली होती, म्हणून सांगतोय.

धागाकर्ता: मंडळी, फोल्डर सापडलं! १.८ जीबीचंच होतं म्हणून वाचलं. चार ड्रॉइंगं उघडून पाहिली, उघडतात. जुना खिळा, बडोद्यात असाल तर उसळ माझ्याकडून.

धागाकर्ता (दोन दिवसांनी): यूजर डेटाखाली तसंच निघालं, कोरी चौकट माझी वाट बघत होती. खूण केली. पहिला फुल बॅकअप रात्री अकराला लावला, तो सकाळी दहाला ड्राफ्ट्समन आले तरी चालूच, आणि नेटवर्क रांगतंय. शेवटी थांबवला. आता फुल शनिवारी रात्री, बाकीचे दिवस इन्क्रिमेंटल (फक्त बदललेल्या फाइली). फिल्टरमधून डॉट बॅक काढायचा का, यावर डिझाइनवाल्यांचं भांडण चालू आहे.

रात्रपाळी: शेठना काय सांगितलंत? चार महिने बॅकअप नव्हता म्हणून?

धागाकर्ता: अजून काहीच नाही. शनिवारचा पूर्ण होऊ दे.